काल नव्हती ती खरखर

धर्माबादच्या सुमनबाईंना मी एकदा एक वाक्य बोलले. ते परत घ्यायला मला चार वर्षं लागली. या लेखात मी तेवढंच सांगणार आहे. बाकी नर्सच्या नोकरीत सुया, बाटल्या आणि नातेवाइकांशी हुज्जत, दुसरं काय असतं.

मी मुमताज, मूळची औशाची. अब्बा रजया शिवायचे. मी नांदेडला आणि नंतर लातूरला खासगी दवाखान्यांत मिळून तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक हृदयविकाराच्या आयसीयूत. स्वभाव तापट. नातेवाइकांची गर्दी दिसली की माझा आवाज चढायचा, आणि एकदा चढला की समोर कोण आहे ते मी पाहायची नाही. माझ्या हाताखालच्या मुली मला पाठीमागे 'हेडमास्तरीण' म्हणत. मला ते माहीत होतं आणि आतून बरंही वाटायचं.

आमच्या कामातली एक गोष्ट आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. थंडीत ताप-खोकल्याची साथ आली की पंधरा दिवसांत आमच्या कॉट भरायच्या. लोकांना नवल वाटतं. सर्दी-खोकल्याचा आणि हार्टचा काय संबंध? डॉक्टर समजावून सांगायचे ते मी माझ्या भाषेत सांगते. फ्लूसारख्या तापात सगळं अंग आतून सुजतं. हृदयाच्या नळीत वर्षानुवर्षं साचलेली चरबीची गाठ अशा वेळी तडकते, तिच्यावर रक्ताची गुठळी बसते आणि नळी बंद होते. हाच अटॅक. वाईट म्हणजे माणूस आधीच खोकत असतो. छातीत दुखलं की तो म्हणतो, खोकून खोकून बरगड्या धरल्या. मग वाफ घेतो, काढा पितो, जवळच्या डॉक्टरकडून अशक्तपणाची एक बाटली लावून घेतो. त्यात दोन-तीन दिवस जातात.

नळी वेळेत उघडली नाही की हृदयाचा तेवढा तुकडा मरतो आणि मऊ पडतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास तो सगळ्यात मऊ असतो. हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये एक पडदा आहे. तो नेमका त्या जागी आला तर फाटू शकतो. मग डावीकडचं रक्त जोरानं उजवीकडे घुसतं. सकाळी चहा पीत बसलेला पेशंट दुपारी धापा टाकायला लागतो, घामानं भिजतो, बीपी खाली येतं. अशा वेळी छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या बाजूला तळवा ठेवला तर पुष्कळदा आत थरथर लागते. विहिरीवरची मोटार चालू असताना पाइपावर हात ठेवला की लागते ना, तशी. प्रत्येक ठोक्याबरोबर. हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

गंगाधरराव धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात मापाडी होते. वय पंचावन्नच्या आसपास. त्या बाजारात उभं राहिलं तरी ठसका लागतो, त्यामुळे घरात कुणाच्या खोकल्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्यांना ताप आला, छाती भरल्यासारखी झाली, तर सगळे म्हणाले मिरची लागली. तीन दिवस बाटल्या लावल्या. चौथ्या दिवशी नांदेडला आमच्याकडे आणले. तपासणीत फ्लू निघाला आणि ईसीजीत अटॅक, तोही आदल्या दिवशीच येऊन गेलेला. फ्लू म्हणून त्यांना काचेच्या वेगळ्या खोलीत ठेवलं.

त्यांच्याजवळ बायको होती, सुमनबाई. बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. पिशवीत ओवा आणि कापूर घालून उकळलेल्या तेलाची बाटली. आमच्या भागात घरोघरी हेच औषध. खोकला झाला की घरातली बाई रात्रंदिवस छाती चोळते. मी तेलाचे हात पाहिले की चिडायची, कारण ईसीजीच्या पट्ट्या चिकटत नाहीत. पण ती बाई पट्ट्या सोडून, अगदी हलक्या हातानं चोळायची. पहिले दोन दिवस मी काही बोलले नाही. गंगाधरराव सुधारत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ. माझ्याकडे अकरा पेशंट, आणि दोन मुली त्याच तापानं घरी पडलेल्या. सुमनबाई दारात आली.

"सिस्टर, जरा येता का? यांच्या छातीत हाताला काहीतरी लागून राहिलंय. खरखर. काल नव्हती."

"कफ आहे, सुमनबाई. फ्लू झालाय, कफ असणारच."

"कफ मला माहीत हाय. वीस वर्षं चोळून राहिले ही छाती. कफ खोकल्यावर हलतो. ही हलत न्हाई. नाडीसंग चालून राहिलीय."

आता हे वाचताना तुम्हांलाही कळलं असेल ती काय सांगत होती. पुस्तकात सुद्धा याहून स्वच्छ लिहिलेलं नाही. मी आत गेले, स्टेथोस्कोप लावला. ऑक्सिजनचं मशीन घूं घूं करत होतं, फुप्फुसात फ्लूचा खरखराट. त्यात मला वेगळं काही ऐकू आलं नाही. हात ठेवून पाहायला पाच सेकंद लागले असते. तेल लागलेल्या छातीवर मी हात ठेवला नाही. उलट ईसीजीच्या पट्ट्यांतली एक सुटलेली दिसली आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, "कुणी सांगितलं होतं चोळायला? हार्टचा पेशंट आहे. चोळून चोळून आत काही झालं तर जबाबदार कोण?"

दारात गंगाधररावांचे थोरले भाऊ विठ्ठलराव उभे होते, हातात नारळपाणी. त्यांनी ऐकलं. सुमनबाईनं हात पदराला पुसले आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

दीड वाजता गंगाधररावांचा श्वास वाढला. डॉक्टरांनी आधी फ्लूच वाढला असं धरलं, आणि ते साहजिक होतं. बीपी घसरायला लागल्यावर इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, मशीन आणवलं. स्क्रीनवर चित्र आलं. डॉक्टर म्हणाले, "पडदा फाटलाय." ऑपरेशनसाठी हैदराबादला फोन लावेपर्यंत उशीर झाला होता. साडेचारला ते गेले.

डॉक्टरांनी मला विचारलं, "सिस्टर, सकाळी काही लक्षात आलं होतं का कुणाच्या?"

मी म्हणाले, "नाही, सर."

बाहेर व्हरांड्यात विठ्ठलराव सगळ्यांना सांगत होते, "सिस्टर ओरडून राहिल्या होत्या, चोळू नको म्हणून. हिनं ऐकलं न्हाई." सुमनबाई खाली बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर तिथल्या तिथे संपलं असतं. चोळण्यानं हृदय फाटत नाही, हे मला माहीत होतं. मी हातातला ट्रे घेऊन पुढे निघून गेले.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. दवाखान्यातून नंबर घेतला होता.

"सिस्टर, एकच विचारते. माझ्या चोळण्यानं झालं का? सासू म्हणते, माझं लेकरू तू हातानं घालवलंस."

"तसं काही नसतं हो. मनाला लावून घेऊ नका."

"मग तुम्ही तसं का म्हणाल्या होत्या?"

मी म्हणाले, "पेशंट आलाय, नंतर बोलते." पेशंट आला नव्हता. नंतर मी फोनही केला नाही. तीस वर्षांत माझ्या हातून चुका झाल्या, प्रत्येकाच्या होतात. पण या फोनची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

त्यानंतर मी नांदेड सोडून लातूरला आले. औसा इथून जवळ म्हणून आले असं सगळ्यांना सांगितलं. नव्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी एक नियम केला. ड्युटी घेताना अटॅकच्या प्रत्येक पेशंटच्या छातीवर तळवा ठेवायचा. सकाळी, दुपारी, रात्री. मशीन काय दाखवतं ते नंतर. आणि नातेवाईक म्हणाला 'काल नव्हतं, आज आहे', तर ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहायचं आणि डॉक्टरला सांगायचं. मुलींनी सुरुवातीला थट्टा केली. तेच नाव इथेही पडलं होतं; म्हणाल्या, हेडमास्तरीण आता दुवा देऊन राहिल्या. पेशंटनाही तसंच वाटायचं. एक आजोबा मी हात ठेवला की डोळे मिटून हात जोडायचे. एकीनं तर मला सांगितलं, "सिस्टर, तुमच्या हातानं गुण येऊन राहिला, नातवालाही आणू का?" मी म्हटलं, नातवाला शाळेत पाठवा. एका डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की इको असताना हे कशाला. मी म्हटलं, सर, इको तुम्ही बोलावता तेव्हा येतं. माझा हात माझ्याजवळच असतो.

तीन वर्षं काही लागलं नाही. कधी धडधड, कधी कफ. मुली कंटाळल्या. मी कंटाळले नाही. ज्या मुलीनं हात न ठेवता ड्युटी घेतली तिला मी परत फिरवायची.

चौथ्या हिवाळ्यात रेणापूरकडच्या एका गावातून कौसाकाकू आल्या. साठीच्या, घरची शेती, सगळं घर धाकात. गोष्ट तीच. घरभर ताप, खोकला, छातीत दाब आला तर म्हणाल्या थंडी भरली. दोन दिवस अंगावर काढलं. आमच्याकडे आल्या तेव्हा नळी उघडली, पण उशीर झालेला. तोंड मात्र शाबूत. पहिल्या दिवशी मी हात ठेवला तर म्हणाल्या, "काय गं, काय चाचपडून राहिलीस? सोनं घरीच ठेवून आले."

चौथ्या दिवशी सकाळी त्या आल्याचा चहा हवा म्हणून भांडत होत्या. श्वास बरा, बीपी ठीक. मी तळवा ठेवला आणि माझ्या हाताला ती थरथर लागली. मी हात काढला, पुन्हा ठेवला. ठोक्याबरोबर, एकसारखी. माझ्याबरोबरच्या मुलीचा हात धरून तिथे ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

राऊंडचे डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "सिस्टर, पेशंट चहासाठी भांडतेय. इको दुपारी करू."

मी म्हणाले, "दुपारी नाही, आत्ता."

"तुम्हांला एवढी खात्री आहे?"

"नाही. म्हणूनच म्हणते, आत्ता."

 ते स्वतः जाऊन मशीन ढकलत घेऊन आले. पडद्याला भोक पडलेलं होतं, पण अजून लहान होतं. मांडीच्या नसेतून फुगा घालून हृदयाला टेकू दिला आणि दुपारी बाराच्या आत अँब्युलन्स हैदराबादच्या रस्त्याला लागली. तिथल्या सर्जननी घाई केली नाही. मऊ पडलेल्या जागी टाका धरत नाही, म्हणून काही दिवस सांभाळलं आणि मग भोक बुजवलं. मधे दोनदा आशा सोडल्याचे फोन आले. अशातून वाचणारे थोडे असतात. कौसाकाकू वाचल्या.

चार महिन्यांनी तपासणीला आल्या. काठी घेऊन, पण स्वतःच्या पायानं. मला बोलावून घेतलं आणि शेजारी बसवलं.

"त्या दिवशी तू अडून बसलीस म्हणून मी हाय, असं पोरं सांगून राहिलीत. हे हात ठेवायचं तुला कुणी शिकवलं? कॉलेजात?"

मी म्हणाले, "नाही, काकू. धर्माबादच्या एका बाईनं."

"डॉक्टरीण हाय का?"

"नाही. तिच्या मालकाला झालं होतं. तिला हाताला कळलं, मला कळलं नाही. तो गेला." मग बाकीचंही सांगून टाकलं, फोनपर्यंत सगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते.

कौसाकाकूंनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मग ती बाई अजून तसंच ऐकून घेऊन राहिली असंल?"

"असेल."

"आणि तू इथं माझं गोडधोड खाऊन राहिलीस." त्यांनी आणलेला पेढ्यांचा डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि झाकण लावलं. "आधी तिच्याकडं जा. मग देते."

मला राग आला. मग दिवसभर रडू येत राहिलं. दोन महिन्यांनी मी निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात निघाले. लातूरहून नांदेडला बसनं आणि तिथून धर्माबादला रेल्वेनं. जाताना मनात वाक्यं जुळवत होते. माझ्या बाजूनं थोडं नरम काही सापडतंय का ते शोधत होते. त्या दिवशी अकरा पेशंट होते, दोन मुली रजेवर होत्या, मशीनचा आवाज होता. सगळं खरं होतं. धर्माबाद येईपर्यंत एकेक काढून टाकलं, कारण त्यातलं काहीही सुमनबाईच्या उपयोगाचं नव्हतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. सुमनबाई एकटीच आत होती, मिरच्यांचे देठ खुडत. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला, कारण दवाखान्यात मी नेहमी कडक इस्त्रीच्या कपड्यांत आणि मास्कमध्ये असायची. ओळखल्यावर तिनं पाणी दिलं आणि समोर बसली. मी पाणी हातात धरूनच बोलले.

"सुमनबाई, तुमच्या चोळण्यानं काही झालं नव्हतं. अटॅकनंतर आतला पडदा मऊ पडतो आणि फाटतो. तो आपोआप फाटला. तुमच्या हाताला जी खरखर लागली, ती त्याचीच खूण होती. तुम्ही मला अडीच तास आधी सांगितलंत. मी ऐकलं नाही, वर तुमच्यावर ओरडले. आणि नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा लपवलं. चूक माझी होती."

 मग तिनं तेच विचारलं ज्याची मला भीती होती.

"तुम्ही तेव्हा ऐकलं असतं, तर वाचले असते का?"

"सांगता येत नाही. बहुतेक नसते वाचले. पण हैदराबादला न्यायला वेळ मिळाला असता. ती संधी मी घालवली." मग कौसाकाकूंचं सांगितलं. "तुमच्याकडून शिकले म्हणून ती बाई आज आहे."

तिनं डोळ्यांना पदर लावला.  मला वाटलं आता ती मला जा म्हणेल, आणि तिनं म्हणावं असंच मला वाटत होतं. ती उठली, म्हणाली, "चला."

पुढच्या खोलीत दाराशी बाजेवर सासूबाई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. सुमनबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "नांदेडच्या दवाखान्यातल्या सिस्टर आल्यात." मी बोलायला सुरुवात केली. म्हातारी म्हणाली, "काय म्हणून राहिली ही?"

"मोठ्यानं बोला," सुमनबाई मला म्हणाली. "त्यांना कमी ऐकू येतं."

आयुष्यभर लोकांवर ओरडलेली बाई मी. त्या दिवशी माझा आवाज फुटेना. पण फोडला. 'तुमचा मुलगा चोळण्यानं गेला नाही' इथपासून 'चूक माझी' इथपर्यंत सगळं ओरडून सांगितलं. समोरच्या घरातल्या दोन बाया ओसरीवर आल्या. गल्लीतून जाणारा एक सायकलवाला थांबला. सुमनबाईनं दार लोटून घेतलं नाही.

म्हातारी सुनेकडे वळली. "मग तू इतके दिस बोलली का न्हाईस?"

"पहिल्या दिवसापासून बोलून राहिले, आत्याबाई."

म्हातारीनं बाजेची दोरी घट्ट धरली आणि मान खाली घातली. मी निघायला उठले. म्हटलं, माझी पाचची गाडी आहे.

"ती जाऊ द्या," सुमनबाई म्हणाली. "दुसरी हाय. भाऊजी येतील आता बाजारातून."

विठ्ठलराव आले. मला पाहून दारातच थांबले. त्यांनी मला लगेच ओळखलं. त्या घरात धाकटी सून थोरल्या दिरासमोर येत नाही, त्यांच्याशी तोंडानं बोलत नाही, काय सांगायचं ते सासूकरवी सांगते. सुमनबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण ती आत गेली नाही.

"सिस्टर, आणखी एकदा सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. या वेळी ओरडावं लागलं नाही. विठ्ठलराव उंबऱ्यावर बसले. जमिनीकडे पाहतच म्हणाले, "दवाखान्यात मीच सगळ्यांना सांगितलं होतं. पाहुण्यारावळ्यांत, गावात, सगळीकडं."

तेव्हा सुमनबाई त्यांच्याशी बोलली, सरळ, त्यांच्याकडे पाहून.

"मग आता त्यांनाच हे सांगून या, भाऊजी. एकेकाच्या घरी जाऊन."